गुडघा आणि पाटल्या

"नकली दागिन्यांनी अंगाला खाज सुटते का, आजी?" गुडघ्याचा एक्स-रे बघत डॉक्टरांनी विचारलं. "गुडघ्यात बसवायच्या नेहमीच्या कृत्रिम सांध्यात थोडं निकेल असतं, नकली दागिन्यांत असतं तेच. ते सोसत नसेल, तर टायटॅनियमचा मुलामा दिलेला घालू. टायटॅनियमशी अंगाचं भांडण नसतं."

"यांना नाही, मला सुटते," सून हसत म्हणाली. "तीही सोन्यानं! लग्नात आईंनी घातलेल्या पाटल्यांनी मनगटं सोलून निघाली होती."

"चांगल्या सोन्यानं सहसा असं होत नाही. वरून मुलामा असेल, आत निकेल."

इंदुमतीबाईंची मान खाली गेली. पाटल्या खोट्या आहेत हे एकट्या त्यांनाच माहीत होतं. तरीही प्रत्येक हळदीकुंकवाला त्या चारचौघींत म्हणायच्या, "आमच्या सुनेला मेलं सोनंसुद्धा सोसत नाही!" सूनही तेव्हा हसायची, अशीच.

बाहेर येताच ती खाली बसून त्यांच्या चपलेचा पट्टा लावू लागली. "डॉक्टरांना हाडांतलं कळतं, आई. सोन्यातलं काय कळतंय!" तिच्या मनगटावर जुने काळे डाग होते.

त्यांनी पाय मागे घेतला. "राहू दे गं," त्या कशाबशा म्हणाल्या, "सोसत नाही मला."