दहापर्यंत

देवबागच्या गौरजाला लहानपणापासून कुणाचा स्पर्श सोसत नसे. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी स्वमग्नतेचं निदान केलं आणि तिच्या आईने, रश्मीने पोरीला कुशीत घेणं सोडलं. लेक झोपली की उशीशी वाकून तिच्या केसांचा वास तेवढा घ्यायची. तेराव्या वर्षी पाळी आली, तेव्हा काय करायचं याची चित्रं काढून रश्मीने न्हाणीच्या दारावर चिकटवली आणि बाहेर उभी राहिली. आज वीस वर्षांची गौरजा छापखान्यातल्या नोकरीसाठी कुडाळला राहायला निघाली होती. रश्मी नेहमीसारखी चार पावलं लांब उभी होती. गौरजा जमिनीकडे बघत म्हणाली, "आई, मी धापर्यंत मोजतंय. तवसर माका मिठी मार. मगे सोड." रश्मीने तिला जवळ घेतलं. गौरजाचं अंग ताठ होतं, पण ती हलली नाही. मोजू लागली. नऊवर आली आणि तिथेच बराच वेळ थांबली.