पथरीचं ऑपरेशन

मंगळवारी सकाळी साडेअकराला मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी शेवंताबाईच्या छातीचा स्कॅन उजेडावर धरला. दोन्ही फुप्फुसांत गोल पांढरे ठिपके होते, लहानमोठे.

समोर शेवंताबाई, तिचा नवरा हिरालाल आणि होणारा जावई लोकेश बसले होते. लोकेश आणि त्यांची मुलगी दीपिका यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नुकतंच झालं होतं. सासूचा खोकला थांबत नाही म्हटल्यावर तोच लालबर्‍याहून गाडी घेऊन त्यांना आणायला लामत्याला गेला होता. गावात सगळे टीबीच म्हणत होते.

"टीबी नहीं है," डॉक्टर म्हणाले. "ये बीमारी फेफड़ों में शुरू नहीं हुई. शरीर में कहीं और थी, वहाँ से फैली है. जड़ कहाँ है, उसी हिसाब से दवा चलेगी. पहले कोई ऑपरेशन हुआ?"

"हौ," लोकेश सासूकडे हात करत लगेच म्हणाला. "मामीजी का पथरी का हुआ था. नागपुर में."

तो खोटं बोलत नव्हता. सोयरिकीच्या बोलण्यांत त्याच्या घरच्यांना खडा काढल्याचंच सांगितलं होतं.

"सिर्फ़ पथरी?" डॉक्टरांनी शेवंताबाईला विचारलं.

तिने पदर छातीवर ओढून घेतला. "हौ."

"तो फिर पूरे शरीर में ढूँढना पड़ेगा. उतना समय है नहीं."

डॉक्टर तपासण्या लिहू लागले. हिरालाल उठून उभा राहिला.

"पथरी नव्हती साहेब. क्यान्सरची गाठ होती. डावी छाती पूरी काढली."

"काहून बोल्ले तुमी?" शेवंताबाई म्हणाली. "माह्यं का, आज हाओ, उद्या नाही. पोरीचं लगन मोडलं तं?"

"अन् मांडवात मी एकटाच उभा राहू का?"

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि शेवंताबाईला पडद्याआड तपासणीसाठी यायला सांगितलं. ती जागची हलली नाही. लोकेशकडे पाहायची दोघांचीही हिंमत होत नव्हती.

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याच्या आईचा होता. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"काय निघालं रे? टीबीच हाय ना?"

लोकेशने सासूकडे एकदा पाहिलं.

"आपला नंबर नाही लागला अजून, माय," तो म्हणाला.