आटलेलं दूध

तीन महिन्यांच्या पोरीचं वजन मागच्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅमनं कमी भरलं. सत्यशीला सिस्टरनं तिला काट्यावरून उचललं, पुन्हा ठेवलं. आकडा तोच.

"अंगावर पाजतेस ना गं?" तिनं सुकन्याला विचारलं.

सुकन्या तोंड उघडायच्या आत तिची सासू साखराबाई पुढं झाली. "दूध आटलं तिचं. म्हणून शेळीचं सुरू केलंय." तिच्या पिशवीतून बाटलीचं बूच डोकावत होतं.

लसीकरणाचा दिवस होता. आरोग्य केंद्राचा व्हरांडा बायकांनी भरलेला. पलीकडच्या बाकावर कुणाच्या तरी बाळाला सुई टोचली आणि त्यानं टाहो फोडला. सुकन्यानं झटकन छातीवर हात आवळले. उपयोग झाला नाही. तिच्या हिरव्या झंपरावर दोन ओले डाग पसरत गेले.

सिस्टरनं ते पाहिलं. साखराबाईनंही पाहिलं, आणि सुनेचा पदर ओढून पुढं घेतला.

"आत चल," सिस्टर म्हणाली.

पडद्यामागं सुकन्यानं झंपर काढला. छातीभोवती जुन्या धोतराचं फडकं करकचून गुंडाळलेलं होतं. पाठीवर गाठ. कडेकडेनं कातडी सोलून निघालेली.

"कुणी बांधलं हे?"

"आत्याबाई बांधतेत. रोज सकाळी." सुकन्या जमिनीकडं बघत होती. "आठ दिस झाले."

सत्यशीलाच्या कानशिलात आग पेटली. मागच्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, पाजते का. सासूच 'व्हय' म्हणाली होती आणि सुनेला काही न विचारता सिस्टरनं पुढच्या बाईला हाक मारली होती. तिनं फाडकन पडदा सारला.

"मावशी, कावून केलं असं? लेकरू वाळून चाललंय!"

"वरडू नका," साखराबाई शांतपणे म्हणाली. "पोरगी हाय ती. दुसरी. अंगावर पीत ऱ्हायली तर हिला पुन्हा दिवस कसे जातील? मला बी सासूनं अशीच बांधली व्हती. चार पोरींवर माझा म्हाळू झाला."

दारापाशी सुकन्याचा नवरा म्हाळू मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि मान रस्त्याकडं फिरवली.

सिस्टर पडदा ओढून पुन्हा आत गेली. तिनं ट्रेमधली कात्री उचलली आणि गाठीत घातली. फडकं खाली पडलं, तसा सुकन्यानं लांब श्वास सोडला.

पोरगी आधी तोंड लावेना. बाटलीची सवय लागलेली, रडून रडून लाल झाली. सिस्टरनं सुकन्याला भिंतीला टेकवून बसवलं, लेकराचं डोकं नीट धरलं, दुधाचा थेंब ओठांवर पाडला. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा पाडला. मग एकदम तिनं तोंड उघडलं आणि घट्ट पकडलं. सुकन्याचे डोळे मिटले.

"लई दुखतंय का?"

"दुखू द्या."

साखराबाई पडद्याशी येऊन उभी राहिली. "उठ. घरी चल, मग बघते तुला."

सुकन्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच सासूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"बसा जरा, आत्याबाई," ती म्हणाली. "दुसरी बाजू ऱ्हायलीय अजून."