पडद्यावरचा लोंढा

डोंगराच्या पोटातला दगड खालून उपसत राहायचा, म्हणजे वरचा आपोआप ढासळत येतो, अशी ती खाण होती. वर पाणी मुरलं की दगडाऐवजी चिखलाचा लोंढा येई. चार वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार तशाच लोंढ्यात दगड उचलणाऱ्या लोडरसकट गाडला गेला. तेव्हापासून आत माणूस पाठवत नसत. तो जमिनीवरच्या खोलीत एकटाच पडद्यासमोर बसून लोडर चालवी. आज दुपारी दगड ओले दिसले, आणि साहेबांना कळवायच्या आत लोंढा आला. पडदा काळा झाला. कोरड्या खोलीत त्याचे पाय गारठले. साहेब फोनवर म्हणाले, "मशीनच गेलं ना? जाऊ दे. तू घरी जा." घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. तो जोडीदाराच्या बायकोकडे गेला. "वहिनी, आज तसाच लोंढा आला. आत कोणी नव्हतं." तिने हातातलं शिवण बाजूला ठेवलं. "म्हणजे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. सगळे म्हणतात, त्यांना काही कळलंच नसेल. खरं सांगा भाऊजी, कळलं असेल?" "नाही वहिनी. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपलं." "सुटले हो," म्हणत ती मोकळेपणाने रडली. खरं तर आज लोंढा दिसल्यापासून पडदा काळा होईपर्यंत अकरा सेकंद लागले होते. तेवढ्या वेळात त्याने दोनदा मशीन मागे घेऊन पाहिलं होतं. हे त्याला फक्त जोडीदारालाच सांगता आलं असतं.