एका झटक्यात चालू

सुताराने विकायला काढलेला जुना चेनसॉ गरम असला की एका झटक्यात धडधडायचा. गार असला की मात्र दहादा दोरी ओढली तरी हूं की चूं नाही. त्यापायी दोन गिऱ्हाइकं हातची गेली होती. म्हणून तिसरं यायच्या आधी त्याने मशीन अर्धा तास चालवून ठेवलं.

आल्या एक आजीबाई. "चुलीपुरती लाकडं कापायचीत, बाबा. स्वस्तातलं दे, पण ऐन थंडीत दगा देणारं नको."

"एका झटक्यात चालू होतं, आजी! दाखवू का?"

"दाखवशील रे, घाई कसली?" म्हणत आजीबाई बाकावर ऐसपैस बसल्या. आधी पाणी मागितलं, मग चहा. मग गुडघेदुखी निघाली, तिच्यामागून सुनेचा स्वभाव. सुताराची नजर सारखी मशीनकडे जात होती. कपाळावर घाम फुटला होता. तो उठला की आजीबाई हाताला धरून त्याला परत बसवत, "अरे, पुढची गंमत तर ऐक."

दीड तासाने त्यांनी कप खाली ठेवला आणि मशीनवर अलगद तळवा टेकवला.



"हं, झालं गार. आता ओढ बघू दोरी."