भर उन्हातली बाग

भोपाळला आमच्या कारखान्याच्या कॉलनीत बागांची स्पर्धा असे, आणि यंदा बक्षीस घ्यायचंच, असं अनुराधाच्या मनाने घेतलं होतं. नव्या क्वार्टरच्या अंगणात झाड नव्हतं, आडोसा नव्हता. म्हणून तिने जमिनीवर पसरणारं ऑफिस टाइम लावलं. इथले लोक त्याला नौबजिया म्हणतात. उरलेली रोपं तिने हॉलच्या खिडकीतल्या कुंडीत लावली. या फुलाची एकच अट असते. ऊन लागलं तर ते उघडतं, सावली पडली की मिटून बसतं.

नऊ वाजता सगळं अंगण फुललं. फक्त मधोमध आरामखुर्चीएवढा तुकडा मिटलेला राहिला. रोजच.

शेजारच्या घाटेकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "बोकारे फोरमन तिथे बसायचे गं. रिटायर झाले तरी क्वार्टर सोडवेना. तिथेच बसल्याबसल्या गेले."

"उद्या परीक्षक येणार, काकू. जरा उठायला सांगा ना त्यांना."

"मी कशाला? क्वार्टर तुमचं. तूच सांग, पण नीट बोल. फार मानी माणूस."

दुसऱ्या दिवशी अंगणात एकही कळी मिटलेली नव्हती. पहिलं बक्षीस मिळालं. पेढा घ्यायला आलेल्या काकूंनी विचारलं, "कसं काय उठवलंस गं?"

"काही नाही. म्हटलं, काका, ऊन फार झालंय, आत येऊन बसा."

काकूंनी हॉलच्या खिडकीकडे पाहिलं. कुंडीवर लख्ख ऊन होतं, आणि सगळ्या कळ्या मिटलेल्या होत्या.

पेढा त्यांनी दारातच खाल्ला.