रुखवतातला चिखल

रुखवतात लाडू, करंज्या, लोकरीच्या बाहुल्या आणि मांडवाच्या दाराशी ट्रॉलीभर करडा चिखल! त्यावर चक्क झेंडूचा हार. माझी नणंद फिदीफिदी हसत सुटली. मी नव्या सुनेला बाजूला घेतलं. "हे काय गं?"

"जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीबरोबर खाली बसतो ना, तो गाळ. बाबा तिथंच कामाला आहेत. तिथं फेकूनच देतात, म्हणून तुमच्या तळ्यासाठी आणलाय."

आमचं तळं हिरवंगार, नाक धरून जावं असं. तिचं म्हणणं, शेणखतातलं स्फुरद पावसाबरोबर ओढ्यातून तळ्यात उतरतं आणि त्यावर शेवाळ माजतं. हा गाळ ते स्फुरद वाटेतच धरून ठेवतो. हातावरची मेंदी उतरायच्या आत तिनं तो ओढ्याकाठी पसरलासुद्धा. मागे फावडं घेऊन माझा मुलगा! पुढे माहेरी गेली, की ट्रॉली घेऊनच परतायची. मला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही.

दुसरा पावसाळा सरला आणि एका सकाळी नणंद ओरडत आली, "वहिनी, तळ दिसतोय!"

धावले. तळ्यातल्या बुडालेल्या पायऱ्या खालपर्यंत स्वच्छ दिसत होत्या. नवी नवरी असताना मी इथंच पोहायचे. पदर खोचला आणि दिली धाडकन उडी! पाठोपाठ नणंदही.

सून काठावरच. "आई, मला पोहता येत नाही!"

"उतर गं पायरीवर," मी हात पुढे केला, "पोहणं माझ्याकडून. सासरचं रुखवत!"